संगणक घरोघरी नेणारा खेड्यातील डॉक्टर

बँकेतील हिशेब, रेल्वेचे तिकीट, विजेचे बिल, मुलांचा परीक्षेचा निकाल, शेतजमिनीचा उतारा, ह्यांपैकी एकही काम आज संगणकावाचून पुढे सरकत नाही. ज्या घरी संगणक म्हणून निराळे यंत्र नाही त्या घरीही तो मोबाइलच्या रूपाने खिशात येऊन बसलेला आहेच. ह्या यंत्राचा इतिहास विचारला तर बिल गेट्स आणि स्टीव्ह जॉब्स ही दोन नावे शाळकरी मुलेही सांगतील. परंतु सामान्य माणसास परवडेल असा संगणक विकण्याचे धाडस करून ज्याने ते प्रथम तडीस नेले, आणि ज्याच्या दुकानी गेट्स ह्यांच्या मायक्रोसॉफ्टने आपला पहिला माल विकला, त्या एड रॉबर्ट्स ह्यांचे नाव फारसे कोणाच्या कानी पडत नाही. ह्याचे एक कारण असे, की हा धंदा भरभराटीस येण्याच्या ऐन वेळी हे गृहस्थ त्यातून बाहेर पडले, शेती करू लागले, आणि चाळिशी उलटल्यावर वैद्यकीचा अभ्यास करून एका लहानशा गावी रोगी तपासू लागले. त्यांची हकीकत वाचकांस सांगावी म्हणून हा लेख.

प्रथम त्यापूर्वीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, 'एनियाक' नावाचे यंत्र लोकांपुढे आले. जॉन मॉकली व प्रेस्पर एकर्ट ह्या दोघांनी ते लष्करासाठी बांधले होते. तोफेचा गोळा किती अंतरावर पडेल ह्याची कोष्टके तयार करणे हे त्याचे नेमलेले काम. जुन्या रेडिओत जे काचेचे व्हॉल्व्ह असत तसे सुमारे १८,००० व्हॉल्व्ह त्यात होते. वजन सुमारे ३० टन. आणि ते ठेवण्यास एक मोठे दालन लागे. एक गणित संपवून दुसरे द्यावयाचे झाल्यास तारा उपसून त्या नव्या रीतीने जोडाव्या लागत, आणि हे बिकट काम सहा तरुण स्त्रिया करीत. (त्या स्त्रियांची नावे जगापुढे येण्यास मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली.)

पुढील पंचवीस वर्षांत व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, यंत्रे आकाराने लहान झाली, पण मालकी बदलली नाही. संगणक सरकारचा, लष्कराचा, विद्यापीठाचा, नाहीतर बड्या कंपनीचा. १९६५ साली निघालेला 'पीडीपी-८' हा स्वस्त संगणक म्हणून नावाजला गेला, आणि त्याची किंमत होती १८,००० डॉलर. एखाद्या शिक्षकाने वा गवंड्याने आपल्या घरी संगणक ठेवावा ही कल्पना त्या काळी, आपल्या अंगणात रेल्वेचे इंजिन उभे करावे, इतकीच हास्यास्पद ठरली असती.

ही स्थिती बदलली ती एका नखाएवढ्या वस्तूने. इंटेल ह्या अमेरिकन कंपनीकडे एका जपानी कारखान्याने कॅल्क्युलेटरसाठी लागणाऱ्या विद्युत्-मंडलांची मागणी केली. त्यातून १९७१ च्या नोव्हेंबरात '४००४' नावाची चिप बाजारात आली. सिलिकॉनच्या एका चिमुकल्या तुकड्यावर २,३०० ट्रान्झिस्टर, आणि आकडेमोड करणारा संगणकाचा सारा मेंदू त्यातच. ह्यालाच मायक्रोप्रोसेसर म्हणतात. १९७४ साली ह्याच कंपनीने '८०८०' ही अधिक समर्थ चिप काढली. इंटेलच्या पुष्कळ अधिकाऱ्यांस ह्या चिपा रस्त्यावरील दिव्यांना नाहीतर कारखान्यांतील यंत्रांना लागतील असे वाटत होते. ती चिप घेऊन लोकांच्या घरासाठी संगणक बांधावा असे ज्या थोड्यांस सुचले, त्यांत रॉबर्ट्स हे एक.

एड रॉबर्ट्स ह्यांचा जन्म १३ सप्टेंबर १९४१ रोजी फ्लॉरिडा राज्यातील मायामी येथे झाला. वडील घरगुती उपकरणे दुरुस्त करण्याचा धंदा करीत; आई परिचारिका होती. युद्धकाळात वडील सैन्यात गेले तेव्हा आई मुलाला घेऊन जॉर्जिया राज्यातील व्हीलर परगण्यात आपल्या माहेरच्या शेतावर राहिली. युद्ध संपल्यावर कुटुंब मायामीस परतले, तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगा आजोळच्या त्या शेतावर जात असे. वडिलांकडून विजेच्या यंत्रांची आवड आणि आईकडून रोग्यांच्या सेवेची ओढ त्याच्या ठायी आली असावी असे म्हणण्यास हरकत नाही. शाळेत असतानाच त्याने तारायंत्रात असतात तशा रिले वापरून एक लहानसा संगणक जुळविला होता. परंतु मनाचा कल होता डॉक्टर होण्याकडे. त्याच हेतूने त्याने मायामी विद्यापीठात प्रवेश घेतला. त्याच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा तो पहिलाच. तेथे त्याची एका मेंदूच्या शस्त्रवैद्याशी ओळख झाली. त्या शस्त्रवैद्यालाही विजेच्या यंत्रांचा नाद होता. आधी अभियांत्रिकीची पदवी घे, मग वैद्यकीकडे वळ, असा सल्ला त्याने दिला. सल्ला चांगल्या हेतूने दिलेला होता. मात्र त्यापायी वैद्यकी पंचवीस वर्षे लांबणीवर पडणार होती हे दोघांसही ठाऊक नव्हते.

ह्याच सुमारास विवाह झाला, संसार सुरू झाला, शिक्षण अर्धवट सोडून मिळेल ते काम करण्याची पाळी आली. रॉबर्ट्स विमानदलात भरती झाले. टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो येथील विमानदलाच्या शाळेत गुप्तलिपीच्या यंत्रांची दुरुस्ती शिकविण्याचे काम त्यांस मिळाले. पगार तुटपुंजा, म्हणून फावल्या वेळात ते बाहेरची कामे घेत. त्या शहरातील एका मोठ्या दुकानाच्या दर्शनी खिडकीत नाताळचा देखावा असे. त्यातील बाहुल्या हलविणारी विजेची यंत्रणा त्यांनी बसवून दिली होती. आपल्याकडे गव्हाणीच्या देखाव्यात पाणचक्की फिरवून दाखविणारे हौशी तरुण असतात, त्यांस ह्या कामातील गंमत सांगावयास नको.

विमानदलाच्या मदतीने त्यांनी १९६८ साली ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाची विद्युत् अभियांत्रिकीची पदवी मिळविली. लगेच त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी केली. उत्तर आले, की २७ व्या वर्षी वैद्यकीचा अभ्यास आरंभण्यास आपले वय अधिक झाले आहे. तो विषय तेथेच संपला.

त्यांची नेमणूक न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की येथे विमानदलाच्या प्रयोगशाळेत झाली होती. तेथेच १९६९ साली, तीन मित्रांना घेऊन, स्वतःच्या मोटारखान्यात त्यांनी 'मिट्स' नावाची कंपनी काढली. आरंभी माल होता हौशी लोकांच्या खेळातील अग्निबाणांवर बसवावयाची उपकरणे. तो फारसा खपला नाही. मित्र पांगले. मग रॉबर्ट्स ह्यांनी कॅल्क्युलेटरचे सुटे भाग विकण्यास घेतले. गिऱ्हाइकाने पेटी मागवावी आणि घरी डाख देऊन यंत्र जुळवावे. १९७१ च्या नोव्हेंबरात 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' ह्या मासिकाच्या मुखपृष्ठावर हा कॅल्क्युलेटर झळकला, आणि धंदा जोरात चालू लागला. पण दोनच वर्षांत मोठ्या कंपन्या ह्या क्षेत्रात उतरल्या. चिपा बनविणाऱ्या कारखान्यांनी स्वतःच कॅल्क्युलेटर काढले आणि किंमती इतक्या उतरल्या, की मिट्सला नुसत्या सुट्या भागांसाठी जो खर्च येई त्यापेक्षा कमी पैशांत बाजारात तयार यंत्र मिळू लागले. १९७४ साली कंपनीच्या डोक्यावरील कर्ज अडीच ते तीन लाख डॉलरांच्या घरात गेले.

अशा वेळी शहाणा मनुष्य दुकान बंद करतो. रॉबर्ट्स बँकेकडे गेले, ते आणखी ६५,००० डॉलर मागण्यासाठी! घरी जुळविता येईल असा संगणक विकावयाचा आहे, असे त्यांनी सांगितले. वर्षात किती खपतील, असे विचारता त्यांनी ८०० असा आकडा दिला. ८०० लोकांस संगणक कशाला हवा असेल ह्याची कल्पना बँकेस नव्हती आणि बहुधा रॉबर्ट्स ह्यांसही नव्हती. सुमारे २०० खपले तरी आपण तरू, असा त्यांचा आपला हिशेब. बँकेने कर्ज दिले, कारण न दिल्यास कंपनी बुडून जुनेही पैसे जाणार होते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण येथे काडी आणि बुडणारा दोघांनीही एकमेकांस धरून ठेवले होते.

आता इंटेलकडून ८०८० चिप एकेरी घेतल्यास किंमत ३६० डॉलर. रॉबर्ट्स ह्यांनी घासाघीस केली, पुष्कळ नग घेण्याचे वचन दिले आणि ती ७५ डॉलरांस मिळविली. ह्या एका सौद्यावर पुढचे सारे उभे राहिले. सहकारी विल्यम येट्स ह्यांच्या मदतीने त्यांनी यंत्राची आखणी केली. पूर्ण संगणकाच्या सुट्या भागांची पेटी ३९७ डॉलरांस द्यावयाची असे ठरले. म्हणजे इतरांस नुसत्या चिपेला जे पडे त्याहून थोड्याच अधिक पैशांत अख्खे यंत्र. यंत्राचे नाव ठेवले 'अल्टेअर ८८००'. हे नाव कोणी सुचविले ह्याविषयी दोन-तीन निरनिराळ्या कथा सांगतात. अल्टेअर हा गरुड नावाच्या तारकासमूहातील सर्वांत तेजस्वी तारा. आपल्याकडे श्रवण नक्षत्र म्हणून जे ओळखतात त्याचा मुख्य तारा तोच.

'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'चे संपादक लेस सॉलोमन ह्यांनी १९७५ च्या जानेवारी अंकाचे मुखपृष्ठ ह्या यंत्रासाठी राखून ठेवले होते. रॉबर्ट्स ह्यांनी जुळविलेला पहिला व एकमेव नमुना रेल्वेच्या पार्सलाने न्यू यॉर्कला धाडला, आणि तो वाटेत हरवला! दुसरा तयार करण्यास वेळ नव्हता. तेव्हा दर्शनी भागावर खटके आणि दिवे बसविलेली एक रिकामी पेटी तयार करून तिचे छायाचित्र छापण्यात आले. संगणकाच्या इतिहासातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध असे ते छायाचित्र, आणि त्या पेटीच्या पोटात काहीच नव्हते.

अंक बाहेर पडला आणि अल्बुकर्कीच्या कचेरीतील टेलिफोन वाजू लागले. वर्षभरात ८०० खपतील असे बँकेस सांगितले होते. पण फेब्रुवारी ह्या एकाच महिन्यात सुमारे १,००० मागण्या आल्या, आणि ऑगस्टपर्यंत ५,००० हून अधिक यंत्रे रवाना झाली. ज्या कंपनीचे नावही कधी ऐकले नाही तिला लोक आगाऊ धनादेश पाठवीत. कित्येकांचा धीर सुटे. एका गृहस्थाने मोटारीमागे आपले फिरते घर जोडून आणले आणि यंत्र हाती पडेपर्यंत कंपनीच्या आवारातच तळ ठोकला. बँकेच्या खात्यातील उणे रक्कम काही आठवड्यांत अधिक झाली.

आणि एवढी आतुरतेने वाट पाहून लोकांस मिळे तरी काय? एक पेटी भरून सुटे भाग. शेकडो ठिकाणी डाख द्यावयाचा, एकही टाका कच्चा राहू द्यावयाचा नाही. इतके करून यंत्र चालू झाले, तरी त्याला अक्षरांच्या कळा नाहीत, पडदा नाही, छपाई नाही. दर्शनी भागावर खटक्यांची रांग आणि तांबड्या दिव्यांच्या ओळी, बस्स. खटका वर केला म्हणजे एक, खाली केला म्हणजे शून्य. आठ खटके नीट लावले, की एक आज्ञा तयार होई. मग दुसरा एक खटका दाबला, की ती यंत्राच्या स्मृतीत जाऊन बसे. पुन्हा आठ खटके, पुन्हा तो खटका. दोन संख्यांची बेरीज करून घेण्यास अशा आज्ञांची एक लहानशी माळच ओवावी लागे, आणि उत्तर कोणते दिवे पेटले, कोणते विझले ह्यावरून ताडावे लागे. स्मृती केवळ २५६ अक्षरांची, म्हणजे पोस्टकार्डावरील चार ओळींचा मजकूर. वीज गेली, की सारे पुसले. भारनियमनाचा अनुभव असलेल्या वाचकांस ह्यातील मनस्तापाची कल्पना करता येईल.

तरीही लोक वेडे झाले. कॅलिफोर्नियात ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क येथे एका गृहस्थाच्या मोटारखान्यात सुमारे तीस हौशी मंडळी अल्टेअर पाहावयास जमली आणि 'होमब्रू' नावाचे मंडळ सुरू झाले. पुढल्याच महिन्यात त्या मंडळाचा सभासद स्टीव्ह डॉम्पिअर आपला अल्टेअर घेऊन सभेस आला. जमिनीवर बसून तो कितीतरी वेळ खटके वरखाली करीत राहिला. इतक्यात कोणाचा तरी पाय विजेच्या तारेत अडकला, यंत्र बंद पडले, आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. यंत्राशेजारी एक साधा रेडिओ ठेवलेला होता. अखेर रेडिओतून सूर निघू लागले आणि एका लोकप्रिय गाण्याची चाल सर्वांस ओळखू आली. घडले होते ते असे: यंत्र चालू असता त्यातून जी विद्युत् खरखर निघे ती रेडिओत ऐकू येई, आणि कोणती आज्ञा किती वेळा दिली असता खरखर कोणत्या सुरात उमटते हे डॉम्पिअर ह्यांनी शोधून काढले होते. उपयोग म्हणाल तर शून्य. पण मोठ्या कंपनीच्या संगणकाला असे गाणे म्हणावयास लावण्याची मुभा कोणास मिळाली असती? यंत्र स्वतःच्या मालकीचे असले म्हणजे काय होते हे त्या दिवशी मंडळींस समजले. त्याच मंडळाच्या पहिल्या सभेस स्टीव्ह वॉझनिअॅक नावाचा एक लाजाळू तरुण अभियंता आला होता. अल्टेअर विकत घेण्याची त्याची ऐपत नव्हती. त्याने घरी जाऊन स्वतःच्या कल्पनेने यंत्राची आखणी आरंभिली. त्यातून १९७६ साली 'अॅपल' निघाला.

दुसरीकडे, बॉस्टनजवळ पॉल अॅलन ह्या तरुणाने वृत्तपत्रविक्याकडे तो जानेवारीचा अंक पाहिला आणि हार्वर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मित्राकडे धाव घेतली. मित्र म्हणजे बिल गेट्स, वय वर्षे १९. दोघांनी रॉबर्ट्स ह्यांस कळविले, की तुमच्या यंत्रासाठी 'बेसिक' ही संगणकाची भाषा आमच्यापाशी तयार आहे. वास्तविक तिची एक ओळही लिहिलेली नव्हती. (ह्या सत्यलोपाचे समर्थन करण्याचे कारण नाही, इतकेच, की दिलेला शब्द त्यांनी पुढे रात्रंदिवस राबून खरा केला.) ही भाषा कशासाठी हवी? तिच्यामुळे खटक्यांची कटकट संपून 'छाप' अशासारख्या इंग्रजी शब्दांत यंत्राला आज्ञा देता येत होती. दोघांपाशी अल्टेअर नव्हता. म्हणून अॅलन ह्यांनी विद्यापीठाच्या मोठ्या संगणकालाच ८०८० चे सोंग घ्यावयास लावले, आणि त्यावर गेट्स, अॅलन व मॉन्टी डेव्हिडॉफ ह्या तिघांनी मिळून सुमारे दोन महिन्यांत भाषा लिहून काढली.

मार्च महिन्यात अॅलन विमानाने अल्बुकर्कीस निघाले. भाषा यंत्रात उतरवून घेण्याची प्रारंभीची आज्ञावली लिहावयाची राहूनच गेली आहे हे त्यांच्या ध्यानी आले ते विमान खाली उतरू लागल्यावर, आणि ती त्यांनी तेथेच कागदावर लिहिली. मोठ्या कंपनीचा मालक भेटावयास येईल अशी त्यांची अपेक्षा. प्रत्यक्षात सहा फूट चार इंच उंचीचे धिप्पाड रॉबर्ट्स एक जुना पिकअप ट्रक घेऊन आले. कंपनी पाहिली तर दुकानांच्या एका ओळीत थाटलेली. हॉटेलात खोली घ्यावयाची तर अॅलन ह्यांच्या खिशात तेवढे पैसे नव्हते. ते रॉबर्ट्स ह्यांनी भरले. दुसऱ्या दिवशी भोके पाडलेली कागदी पट्टी यंत्रात सोडली. खऱ्या अल्टेअरवर ही भाषा त्यापूर्वी एकदाही चालविलेली नव्हती. टेलिप्रिंटर खडखडला आणि स्मृती किती आहे असे त्याने विचारले. अॅलन ह्यांनी २ अधिक २ किती ते छापण्याची आज्ञा दिली. कागदावर ४ उमटला. तेथे उभ्या असलेल्यांत सर्वांत चकित झालेला मनुष्य अॅलन हाच असावा. पुढे काही आठवड्यांतच मायक्रोसॉफ्ट कंपनी स्थापन झाली, ती अल्बुकर्कीसच, कारण तिचे एकमेव मोठे गिऱ्हाईक तेथे होते.

येथवरची कथा यशाची. परंतु रॉबर्ट्स ह्यांच्या व्यवहारात उणिवा होत्या, आणि त्या झाकून ठेवणे योग्य होणार नाही. बेसिक चालविण्यास अधिक स्मृती लागे. त्यासाठी मिट्सने स्मृतीच्या पाट्या विकावयास काढल्या. पण त्या सदोष निघाल्या, धड चालत ना. तरीही बेसिक स्वस्तात, सुमारे ७५ डॉलरांस, हवे असेल तर मिट्सच्याच पाट्या घ्याव्या लागत. नाहीतर किंमत ५०० डॉलर. वाईट मालाच्या गळ्यात चांगला माल बांधून विकण्याची ही रीत गिऱ्हाइकांस रुचली नाही. त्यांनी चांगल्या पाट्या दुसऱ्या कारखानदारांकडून घेतल्या आणि बेसिकच्या कागदी पट्टीच्या नकला करून आपसांत वाटल्या. ह्यावर १९७६ च्या फेब्रुवारीत गेट्स ह्यांनी हौशी मंडळींस उद्देशून एक संतप्त अनावृत पत्र लिहिले. इकडे रॉबर्ट्स ह्यांनी त्या दुसऱ्या कारखानदारांची बांडगुळांत गणना केली. हे मात्र अन्यायाचे होते. अल्टेअरच्या पेटीत कोणाचीही पाटी बसावी अशी शंभर टोकांची खाच रॉबर्ट्स ह्यांनीच ठेवली होती, आणि त्या मोकळेपणामुळेच शेकडो लोकांस ह्या धंद्यात पाय ठेवता आला. दार त्यांनी उघडे ठेवले, आणि माणसे आत येताच ते चिडले.

१९७५ च्या अखेरीस अल्टेअरसारखीच दुसरी यंत्रे बाजारात आली. मिट्सचा पसारा वाढत होता, मागण्या थकत होत्या, भांडणे वाढत होती. तरुण गेट्स आणि रॉबर्ट्स ह्यांचे खटके तर नेहमीचेच. दोघांचाही आवाज चढे आणि कोणी मागे हटत नसे. रॉबर्ट्स थकले. मे १९७७ मध्ये त्यांनी आपली कंपनी 'पर्टेक' नावाच्या मोठ्या कंपनीस सुमारे ६० लाख डॉलरांच्या मोबदल्यात देऊन टाकली. बेसिक कोणाचे ह्यावर शेवटचा वाद झाला. कंपनीबरोबर बेसिकचे हक्कही आपल्याकडे आले असे पर्टेकचे व रॉबर्ट्स ह्यांचे म्हणणे. मायक्रोसॉफ्टचे म्हणणे उलट. प्रकरण लवादाकडे गेले आणि निकाल मायक्रोसॉफ्टच्या बाजूने लागला. त्याच वर्षी अॅपल-२ आणि आणखी दोन कंपन्यांचे जुळविलेले, कळा व पडदा असलेले संगणक दुकानांत आले. डाख देण्याचे दिवस संपले. अल्टेअरही लवकरच बाजारातून दिसेनासा झाला.

रॉबर्ट्स त्या वेळी ३६ वर्षांचे होते. घरगुती संगणकावर माणसे कोट्यधीश होण्याचा काळ नुकता सुरू होत होता. ते जॉर्जियास परतले आणि व्हीलर परगण्यात, जेथे लहानपणी आजीआजोबांच्या शेतावर त्यांचे उन्हाळे गेले होते, त्याच भागात जमीन घेऊन शेती करू लागले.

१९८२ साली जवळच्या मेकन शहरी मर्सर विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय उघडले. खेड्यापाड्यांत डॉक्टर राहत नाहीत ही तक्रार अमेरिकेतही आहे. जॉर्जियाच्या ग्रामीण भागासाठी डॉक्टर तयार करावे ह्या उद्देशानेच ते स्थापन झाले होते. पूर्वी जो वयाचा नियम आड आला होता तो तोवर सैल झाला होता. रॉबर्ट्स ह्यांनी अर्ज केला आणि पहिल्याच तुकडीत त्यांस प्रवेश मिळाला. वर्गातील बहुतेक विद्यार्थी त्यांच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान. हाडांची नावे, औषधांची मात्रा, रात्रपाळी, सारे काही त्यांनी त्या मुलांबरोबर केले. १९८६ साली पदवी मिळाली. पुढे रुग्णालयात उमेदवारी करून १९८८ साली त्यांनी कॉक्रन ह्या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावी दवाखाना थाटला. मायामीच्या त्या शस्त्रवैद्याने आधी अभियांत्रिकी, मग वैद्यकी असे सांगितले होते. तो क्रम अशा रीतीने पुरा झाला. कॉक्रनमध्ये त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ रोगी तपासले.

घरगुती संगणकाचा जनक म्हणून वृत्तपत्रांत कधीमधी त्यांचे नाव येई. ह्या उपाधीवर आक्षेप घेणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. १९७१ साली अमेरिकेत 'केनबॅक' आणि १९७३ साली फ्रान्समध्ये 'मिक्राल' अशी लहान यंत्रे निघाली होती. पण केनबॅकचे जेमतेम काही डझन नग खपले, आणि मिक्राल घरगुती वापरासाठी नव्हताच. हजारो सामान्य लोकांच्या हाती संगणक गेला तो अल्टेअरच्या रूपाने. त्याचा एक नग आता वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय इतिहासाच्या संग्रहालयात ठेवलेला आहे.

२०१० च्या वसंतात डॉ. रॉबर्ट्स न्यूमोनियाने आजारी पडून मेकनच्या रुग्णालयात दाखल झाले. ही बातमी कळताच गेट्स जॉर्जियास येऊन त्यांच्या बिछान्याशेजारी बसून गेले. १ एप्रिल २०१० रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, डॉक्टरांचे निधन झाले. गेट्स आणि अॅलन ह्यांनी त्या वेळी संयुक्त निवेदन काढले. संगणक दुर्मिळ होते त्या काळात, दोन तरुण पोरांवर विश्वास टाकण्यास एड तयार झाले, असे त्यांनी त्यात म्हटले, आणि अल्बुकर्कीच्या हमरस्त्यावरील त्यांच्या त्या जुन्या कचेरीची आठवण काढली.